मदत हवी आहे: चिलीचं आशिया धोरण, 1980 नंतर

एम.ए.च्या प्रबंधासाठी चिली-आशिया संबंधांवर काम करतेय. मोठे टप्पे हाताशी आहेत: 1970 मध्ये चीनला मान्यता, 1994 मध्ये एपेकचं (आशिया-पॅसिफिक आर्थिक सहकार्य मंच) सदस्यत्व, 2003 चा दक्षिण कोरियाशी मुक्त व्यापार करार. गाडी अडलीय ती मधल्या काळात. मार्च 1980 मध्ये चिलीचे लष्करी हुकूमशहा पिनोशे मनिलाला निघाले असताना फिलिपिन्सचे अध्यक्ष मार्कोस यांनी भेट ऐनवेळी रद्द केली. पिनोशेंना फिजीहून परतावं लागलं, त्यांचे परराष्ट्रमंत्री कुबिलोस यांचं पद गेलं. एवढी नाचक्की होऊनही चिलीने आशियाकडे पाठ फिरवली नाही, आणि मला नेमकं हेच समजून घ्यायचंय. मिळालेले इंग्रजी लेख थेट तांब्याच्या निर्यातीवर येतात. स्पॅनिश येत नाही. 1980 नंतर हे धोरण पुढे कोणी रेटलं: परराष्ट्र खात्याने, लष्कराने की निर्यातदारांनी? त्यावर इंग्रजीत, मोफत वाचता येईल असं काही सुचवाल का?