मैदानाच्या आराखड्यात मुला-मुलींचा सहभाग कसा घडवावा?

ऐरोलीतील रहिवासी
नमस्कार. आमच्या सेक्टरमधील गृहनिर्माण संस्थांच्या महासंघाचे काम मी पाहतो. सिडकोने मोकळी जागा म्हणून राखलेल्या एका भूखंडावर उद्यान व खेळाची जागा विकसित करण्याचा प्रस्ताव असून रहिवाशांच्या वतीने विभाग कार्यालयाला सूचना द्यायच्या आहेत. बैठकीला येणारे बहुतेक साठीपुढचे, त्यामुळे यादीत जॉगिंग ट्रॅक, विरंगुळा केंद्र आणि बाकडी एवढेच उतरले. ती जागा रोज वापरणारी मात्र चौदा ते वीस वयाची मुले-मुली आहेत. त्यांना सामावून घेण्यात कायद्याची काही अडचण येते का? आणि चित्रकला स्पर्धा घेऊन फोटो काढण्यापलीकडे हे कसे करावे?

नगररचना खात्यातून निवृत्त
कायद्याची अडचण समजतात तेवढी नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 नुसार प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाल्यावर कोणतीही व्यक्ती मुदतीत लेखी हरकत वा सूचना देऊ शकते. मतदार असण्याची अट तेथे नाही. क्षेत्रसभा, म्हणजे प्रभागातील एकेका भागाच्या मतदारांची सभा, मात्र मतदारयादीवर उभी असल्याने अठरा वर्षांखालील रहिवासी तिच्या बाहेर राहतात, आणि नगरसेवकपदासाठी तर आजही 21 वर्षे पूर्ण असावी लागतात.

अर्थात तुमचा प्रश्न विकास आराखड्याचा नाहीच, कारण भूखंडाचा वापर आधीच ठरलेला आहे. प्रश्न आहे तो आतल्या मांडणीचा, आणि ती प्रत्यक्षात ठरते अभियंत्याच्या प्राकलनात, म्हणजे कामाच्या तपशीलवार खर्च-अंदाजात. प्राकलन मंजूर होऊन निविदा निघाली की मुलांच्या सूचना म्हणजे वरातीमागून घोडे. त्यांना त्याआधी बोलवा आणि प्रत्येकाच्या हाती स्थळनकाशाची प्रत द्या. नुसत्या कोऱ्या कागदावर 'स्वप्नातील उद्यान' काढायला सांगू नका.

नेरूळ, अभियांत्रिकी तिसरे वर्ष
बैठक कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवायची आणि 'तरुणांना रस नाही' असे इतिवृत्तात लिहायचे, हा प्रकार आधी थांबावा.

आमच्या भागातील मैदानावर संध्याकाळी सातनंतर मुली दिसत नाहीत, आणि त्याचा आवडीनिवडीशी काडीचाही संबंध नाही. आत-बाहेर करायला एकच फाटक, तेथेच दुचाक्या लावून बसलेले टोळके, हायमास्टचा सगळा उजेड खेळपट्टीवर आणि कडेची पायवाट अंधारात, शिवाय स्वच्छतागृहाला कायम कुलूप. 'आपल्याला कोणत्या सुविधा हव्यात?' अशा छापील प्रश्नावलीतून यातले काहीही बाहेर येत नाही. मुलींसोबत अंधार पडल्यावर एक फेरी मारली तर सारे समजते. आणखी एक विनंती: गावठाणातील व चाळीतील मुलेही त्याच मैदानावर खेळतात, पण महासंघाच्या व्हॉट्सअॅप गटात त्यांचे पालक नसतात. त्यांना निरोप वेगळा धाडावा लागेल.

घोडबंदर रोड, ठाणे
मी थोडा साशंक आहे. मत मागायचे, टाळ्या वाजवायच्या आणि निर्णय मोठ्यांनीच घ्यायचा, यापेक्षा न विचारलेले बरे. एकदा असे झाले की ती मुले पुन्हा फिरकत नाहीत. दुसरीकडे, मागणी करणाऱ्याला किंमत ठाऊक नसेल तर यादी वाढतच जाते. म्हणून खर्चाचा ठरावीक भाग, लहान का असेना, पूर्णपणे त्यांच्या निर्णयावर सोडावा. अमेरिकेतील बोस्टन शहराने 2014 पासून दहा लाख डॉलरच्या निधीबाबत हेच केले: प्रस्ताव तरुणांचे आणि मतदानही त्यांचेच. इतके लांब जायचे नसेल तर पुणे महापालिका 2006-07 पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे मागवते. तेथे वयोगटाचा प्रश्न वेगळा असला, तरी सूचनेपुढे रक्कम मांडण्याची शिस्त घेण्याजोगी आहे. मुलांना दरसूची दाखवा. स्केटिंग रिंक हवी तर काय वगळायचे, हे तीच ठरवतील, आणि बहुधा आपल्यापेक्षा कमी भांडून.

ऐरोलीतील रहिवासी
सर्वांचे आभार. प्राकलन अद्याप झालेले नाही, असे विभाग कार्यालयातून कळले आहे. रविवारी सायंकाळी साडेसहाला भूखंडावरच जमायचे ठरवत आहोत. गावठाणातील क्रीडा मंडळालाही निरोप दिला आहे. मुलांचे लेखी निवेदन महासंघाच्या पत्रासोबत जोडावे, की त्यांच्या सह्यांनिशी स्वतंत्रपणे आवक-जावक कक्षात देऊन पोच घ्यावी?

नगररचना खात्यातून निवृत्त
स्वतंत्रपणे द्या. जोडपत्र झाले की उत्तर तुमच्या पत्राला येईल आणि मुलांच्या मुद्द्यांचा त्यात उल्लेखही नसेल. जे मुद्दे मान्य होणार नाहीत, त्यांची कारणे लेखी कळवावीत, अशी विनंती त्याच निवेदनाच्या शेवटी घाला.