मदत हवी आहे: नायटिनॉलची तार भर दुपारी सैलच पडत नाही

नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यात आमची केळी आहे. ठिबकच्या मायक्रोट्यूबसाठी छोटा व्हॉल्व्ह करतोय. स्प्रिंग नळी दाबून ठेवते. नायटिनॉल म्हणजे तापला की आखडणारा आणि निवला की सैल पडणारा मिश्रधातू. करंट दिला की त्याची ०.२५ मिमीची तार तापून आखडते, लिव्हर उचलते आणि पाणी सुरू. मोटर नाही, गिअर नाही, म्हणून जीव लागलाय यात.

हिवाळ्यात उत्तम चाललं. आता वैशाखात दुपारी करंट बंद केला तरी लिव्हर अर्ध्यावरच अडतो, नळीतून थेंब थेंब गळत राहतं. काल व्हॉल्व्हच्या पत्र्याच्या खोक्यात थर्मामीटर ठेवला तर ५२ अंश! तार ७० अंशांची आहे, म्हणजे साधारण तेवढी तापली की आखडते, पण ती ६९ ला सैल होत नाही. थंड होताना बरीच खाली आल्यावरच पुरती सैल पडते. आमच्या उन्हात ती तेवढी निवणार कशी?

स्प्रिंग कडक केली तर हे तापमान वर सरकतं, पण तार लवकर थकते. आखडणं मी लांबीच्या ३-४ टक्क्यांतच ठेवलंय, टोकं सोल्डर न करता क्रिंप केलीत, म्हणजे धातूच्या टोपणात दाबून बसवलीत.

९० अंशांची तार घ्यावी का? तिला करंट जास्त लागेल आणि माझी बॅटरी सोलरवर आहे. शिवाय दोन तास पाणी द्यायचं तर तेवढा वेळ तार तापती ठेवावी लागते. एकदा ओढून अडकेल आणि दुसऱ्या तारेने सुटेल अशी खिट्टी कोणी केलीय का? खोक्याचे फोटो लागले तर टाकतो.