सल्फेट कापला आणि उत्तर चुकलं. छपाईची चूक की माझी?

शाईचा_डाग:
बारा वर्षांनी रसायनशास्त्र पुन्हा हातात घेतलंय, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. कॉपर सल्फेटच्या द्रावणात सोडिअम हायड्रॉक्साइड घातलं की निळा अवक्षेप (न विरघळणारा, तळाशी बसणारा घन) मिळतो. याचं निव्वळ समीकरण, म्हणजे फक्त खरोखर बदलणारे आयन दाखवणारं समीकरण, लिहायचं होतं. सोडिअम आणि सल्फेट दोन्हीकडे तसेच राहतात, ते कापले. उरलं:

कॉपर आयन (२+) + २ हायड्रॉक्साइड आयन (१−) → कॉपर हायड्रॉक्साइड (घन)

हे बरोबर आलं. पुढच्या उदाहरणात सोडिअमऐवजी बेरिअम हायड्रॉक्साइड. मी बेरिअम आणि सल्फेट कापून तेच समीकरण लिहिलं. पुस्तकाच्या मागे छापलेल्या उत्तरात मात्र एकही आयन कापलेला नाही!

परीक्षानळी:
छापील उत्तर बरोबर आहे. दोन्ही बाजूंचा प्रभार मोजत जा, असल्या चुका लगेच सापडतात.

खडू_फळा:
प्रभार मोजावाच, पण ही चूक त्यात सापडायची नाही. डावीकडे अधिक २ आणि उणे २, बेरीज शून्य, उजवीकडेही शून्य. समीकरण संतुलित आहे, फक्त अर्धवट आहे.

घोळ कापण्याआधीच झालाय. मागच्या उदाहरणात सल्फेट प्रेक्षक (अभिक्रियेत भाग न घेणारा आयन) होता म्हणून इथेही तुम्ही त्याला प्रेक्षकांत बसवलंत. बेरिअम भेटल्यावर तो पाण्यात राहतोय कुठे? बेरिअम सल्फेट इतकं अविद्राव्य, की पोटाच्या क्ष-किरण तपासणीआधी ते रुग्णाला पाजतात. बेरिअम आयन विषारी असूनही बाधत नाही. तेव्हा आधी उजवीकडच्या प्रत्येक जोडीला विद्राव्यतेचे नियम (पाण्यात काय विरघळतं, काय नाही) लावा. घन असेल ते अखंड ठेवा, विरघळलेले क्षार आयनांत तोडा, आणि मग हुबेहूब सारखं दिसेल तेवढंच कापा. इथे कापायला काही उरतच नाही:

कॉपर आयन (२+) + सल्फेट आयन (२−) + बेरिअम आयन (२+) + २ हायड्रॉक्साइड आयन (१−) → कॉपर हायड्रॉक्साइड (घन) + बेरिअम सल्फेट (घन)

दोन्ही द्रावणं समान मोल घेऊन मिसळली, तर त्यातून वीज जवळपास वाहत नाही. तुमचं समीकरण खरं असतं तर बेरिअम आणि सल्फेट आयन पाण्यात मोकळे राहिले असते आणि द्रावणातून वीज जाऊन मंडलात जोडलेला दिवा लागला असता.

शाईचा_डाग:
दिव्याचं पटलं. मग मॅग्नेशिअम सल्फेट आणि बेरिअम हायड्रॉक्साइड? पुस्तकात नुसतं ‘पांढरा अवक्षेप’ म्हटलंय. एक की दोन?

खडू_फळा:
दोन. दोन्ही पांढरे, त्यामुळे नळीत वेगळे ओळखू येत नाहीत. पुरेसं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं की मॅग्नेशिअम हायड्रॉक्साइड विरघळतं, बेरिअम सल्फेट तळाशी तसंच. त्या विरघळण्याचं निव्वळ समीकरण लिहा बघू.

शाईचा_डाग:
मॅग्नेशिअम हायड्रॉक्साइड (घन) + २ हायड्रोजन आयन (१+) → मॅग्नेशिअम आयन (२+) + २ पाणी

घन तोडला नाही. क्लोराइड कापला, पण या वेळी दोन्हीकडे बघून.