स्लॅशर मालिकेचा नवा भाग: खून भरपूर, भीती शून्य

रातकिडा: टीनएज स्लॅशरच्या (एक खुनी एकेकाला गाठून मारतो असा भयपट) नव्या भागात रक्त आधीपेक्षा जास्त, तरी एकदाही दचकायला होत नाही. नेमकं बिघडतं कुठे?

कात्रीवाला: एडिटिंगमध्ये. १९७८च्या 'हॅलोविन' सिनेमात रक्त जेमतेम दिसतं. फ्रेम रुंद, मुखवटेवाला मागे नुसता उभा, आणि पात्राआधी तो आपल्याला दिसतो. आता कॅमेरा चेहऱ्याला चिकटलेला, कटवर कट. जिना कुठे, कुठलं दार बंद, काहीच कळत नाही. मग पळापळीत जीव कसा अडकणार?

घुबड: आवाजाचंही तेच. दणक्याआधी दोन-तीन सेकंद शांतता हवी. इथे संगीत आधीच चढतं. चोराने बेल वाजवून यावं तसं.

कात्रीवाला: +१

पडद्यामागे: खरी बोंब पटकथेची. (स्पॉयलर, पण १९९६चा आहे, आता काय!) 'स्क्रीम' सिनेमात नायिका सिडनीचा बॉयफ्रेंड बिली कोठडीत असताना तिला खुन्याचा फोन येतो, म्हणून तो संशयातून सुटतो. खुनी दोघे असल्याचा हा धागा मध्यावरच पेरलेला. नव्या भागात खुनी शेवटी उगवतो आणि कारण भाषण ठोकून सांगतो. पुन्हा पाहताना पकडायला एकही दुवा नाही. शिवाय जुनी पात्रं मरणार नाहीत हे आधीच ठरलेलं, त्यामुळे त्यांच्यावरचा हल्ला फुसका.

रातकिडा: कोठडीतला फोन! पुन्हा बघतो.