मदत हवी आहे: मूल इनहेलर चुकीचा घेतंय हे दिसत असताना प्रकल्पासाठी गप्प बसायचं का?

नमस्कार मंडळी,

मी औषधनिर्माणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. सध्या एका रुग्णालयाच्या बालरोग ओपीडीत इंटर्नशिप चालू आहे आणि पदवीचा प्रकल्पही तिथेच करायचा आहे. जोडीला शिक्षणशास्त्र विभागातली एक मैत्रीण आहे. दोन्ही विभागांनी मिळून विषय ठरवला: दमा असलेल्या ८ ते १२ वर्षांच्या मुलांना इनहेलर वापरायला शिकवायचं आणि कोणत्या पद्धतीने शिकवलेलं मुलांच्या हातात बसतं ते पाहायचं. विषय माझ्या फार जवळचा आहे, कारण घरात दमा मी लहानपणापासून पाहिला आहे.

आराखडा असा. चिठ्ठ्या टाकून दोन गट. ‘अ’ गटाला नेहमीसारखंच, म्हणजे डॉक्टर सांगतील तेवढं आणि एक माहितीपत्रक. ‘ब’ गटाला आम्ही दोघी प्रात्यक्षिक दाखवणार आणि मग मुलाला म्हणणार, ‘आता तू मला शिकव.’ याला टीच-बॅक म्हणतात. पहिल्या भेटीत शिकवण्याआधी दहा पायऱ्यांची तपासयादी भरायची, चार आठवड्यांनी पुन्हा तीच यादी भरायची, आणि दोन्ही गटांची तुलना करायची. एथिक्स कमिटीची परवानगी मिळाली आहे. मुख्य अभ्यासाआधी सराव म्हणून सहा मुलं घेतली, तीन ‘अ’ मध्ये, तीन ‘ब’ मध्ये.

त्यातली एक नऊ वर्षांची मुलगी. चिठ्ठी ‘अ’ची निघाली. मी म्हटलं, तू रोज घेतेस तसा घेऊन दाखव. तिने टोपण काढलं, इनहेलर तोंडात धरला आणि श्वास आत ओढायच्या आधीच डबी दाबली. फवारा ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आला, जो थोडा आत राहिला तो तिने पाण्यासारखा गिळला. श्वास रोखणं नाही, थांबणं नाही, लगेच दुसऱ्यांदा दाबून मोकळी. आई कौतुकाने म्हणाली, “आता आपली आपणच घेते, मला सांगावं लागत नाही.” आणि ती मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, “बरोबर ना, ताई?”

माझ्या हातात पेन होतं. मी यादीत ‘नाही’वर खूण केली आणि म्हटलं, “छान, झालं हं.” छान काहीच नव्हतं. औषध फुप्फुसात जवळजवळ गेलंच नव्हतं.

आमच्या गाइडना विचारलं. ते म्हणाले की ‘अ’ गटातल्या मुलाला तू दुरुस्त केलंस तर तुलनेला काही उरणारच नाही. अभ्यास संपल्यावर सगळ्यांना शिकवा. त्यांचं म्हणणं चुकीचं आहे असं मला सिद्ध करता येत नाही, पण चार आठवडे ते मूल असंच औषध गिळत राहणार हे मनातून जात नाही. रिसर्च मेथडॉलॉजीच्या तासाला आम्हाला टस्कीगीचा अभ्यास शिकवला होता. अमेरिकेत १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सिफिलिस असलेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना फक्त बघत राहिले, पेनिसिलीन हाताशी आल्यावरसुद्धा. माझ्या छोट्या प्रकल्पाची त्याच्याशी बरोबरी करायची नाही. पण ‘दिसतंय आणि सांगायचं नाही’ हे तेच आहे ना, असं राहून राहून वाटतं.

तर माझे प्रश्न:

त्या मुलीचं आत्ता काय करू? परवानगी मिळालेला आराखडा मोडला तर प्रकल्प रद्द होईल का?

आराखडा बदलायचा तर कसा, म्हणजे सगळ्या मुलांना नीट शिकवूनही तुलना करता येईल?

आणि एक बारीक शंका. दहा पायऱ्यांना एकेक गुण दिला आहे. इनहेलर हलवायचं विसरलं तरी एक गुण जातो आणि श्वासच आत ओढला नाही तरी एकच जातो. हे मला पटत नाही. याला काय करतात?

खूप लांबलं, पण नीट सांगितल्याशिवाय राहवलं नाही. ज्यांनी असे प्रकल्प केलेत किंवा करून घेतलेत त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद १

मी बरीच वर्षं बालरोग विभागात नर्स आहे आणि विद्यार्थ्यांच्या अशा प्रकल्पांत मदतही केली आहे.

पहिल्यांदा त्या मुलीचं. उद्या सकाळी ओपीडीतल्या सिस्टरना आणि तिच्या डॉक्टरांना सांग आणि आईला बोलावून घे. कागदासाठी थांबू नकोस. मूल धोक्यात असेल तर तो धोका टाळण्यासाठी आराखड्याबाहेर पाऊल टाकता येतं, ही सवलत संशोधनाच्या नियमांतच आहे. फक्त नंतर काय केलं, का केलं हे कमिटीला लेखी कळवायचं. माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वं सांगणारा हेलसिंकी जाहीरनामा १९६४ चा आहे, तेव्हापासून त्यात कितीतरी दुरुस्त्या झाल्या, पण नवं ज्ञान मिळवण्याचा हेतू सहभागी माणसाच्या हक्कांहून आणि हिताहून मोठा नाही हे त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. गाइडना तेच वाचायला दे, वाद घालत बसू नकोस.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या आराखड्यात ‘अ’ गटाला ‘नेहमीसारखं’ असा शब्द आहे. मला सांग, नेहमीच्या ओपीडीत एखाद्या सिस्टरसमोर मुलाने असा फवारा गिळला तर ती गप्प बसेल? नाही बसणार. तिथल्या तिथे हात धरून दाखवेल. म्हणजे तुम्ही ‘अ’ गटाला नेहमीसारखं देतच नव्हता, नेहमीपेक्षा कमी देत होता. एरवी त्या मुलाची चूक कुणी निरखून पाहिली नसती. तुम्ही पाहिलीत आणि पाहूनही सोडून दिलीत. कमिटीनेही बहुतेक याच कारणाने हरकत घेतली नसेल, कारण कागदावर ‘नेहमीसारखं’ हे निर्धोक दिसतं.

उपाय अवघड नाही. पहिली यादी भरून झाली की त्याच बैठकीत प्रत्येक मुलाला दुरुस्त करायचं, दोन्ही गटांत. ‘अ’ गटात तुम्ही करून दाखवायचं आणि पत्रक द्यायचं. ‘ब’ गटात तेच, शिवाय टीच-बॅक. तुलना ‘शिकवलं विरुद्ध न शिकवलं’ अशी न राहता ‘या पद्धतीने विरुद्ध त्या पद्धतीने’ अशी होते. आणि खरं सांगते, हाच प्रश्न जास्त उपयोगाचा आहे. शिकवल्यावर त्या दिवशी सगळेच बरोबर घेतात. काही आठवड्यांनी हात पुन्हा जुन्या सवयीवर जातो, हे आम्ही रोज बघतो. कोणत्या पद्धतीने शिकवलेलं टिकतं हे कळलं तर आमच्या विभागाला त्याचा उद्यापासून उपयोग आहे.

बदललेला आराखडा मात्र कमिटीकडून मंजूर झाल्याशिवाय मुख्य अभ्यासाला एकही मूल घेऊ नका.

अजून एक. मुलांच्या स्वतःच्या इनहेलरवर चाचणी घेत असाल तर ताबडतोब थांबवा. दोनदा-तीनदा करून दाखव म्हटलं की तेवढे डोस पोटात आणि फुप्फुसात जातात. साल्ब्युटामॉल (श्वासनलिका मोकळी करणारं औषध) असेल तर हात थरथरतात, छातीत धडधडतं, मूल घाबरतं. औषध नसलेले सरावाचे इनहेलर मिळतात, ते वापरा, आणि तोंडात धरायचा भाग प्रत्येक मुलाला वेगळा द्या.

प्रतिसाद २

गुणांबद्दल आणि आकडेमोडीबद्दल थोडं.

तुमची शंका रास्त आहे. पायऱ्या दोन भागांत वाटा. ज्या चुकल्या तर औषध आत जातच नाही अशा निर्णायक पायऱ्या, आणि बाकीच्या. टोपण न काढणं, श्वास ओढण्याच्या बऱ्याच आधी दाबणं, तोंडाने श्वासच न ओढणं या निर्णायक. मुख्य निकष असा ठेवा: चार आठवड्यांनी एकही निर्णायक चूक न करणारी मुलं किती. एकूण गुण दुय्यम राहू देत. निर्णायक पायऱ्या कोणत्या हे डॉक्टर आणि फार्मसीच्या शिक्षकांकडून आधी ठरवून घ्या. आकडे हाती आल्यावर ठरवलंत तर तुमच्या निष्कर्षावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

यादी उपकरणानुसार वेगळी हवी. दाबायच्या इनहेलरला श्वास सावकाश आणि खोल लागतो, पावडरच्या इनहेलरला जोरात आणि झटकन. एकाच यादीने दोन्ही तपासलेत तर बरोबर घेणाऱ्या मुलाला तुम्ही चूक ठरवाल.

तुम्ही दोघी गुण देणार असाल तर आधी दहा-बारा मुलं दोघींनी एकाच वेळी पण एकमेकींचं न बघता तपासा आणि कोहेनचा कप्पा (दोघींची मतं किती जुळतात हे सांगणारा आकडा) काढा. मतं जुळत नसतील तर यादीतली वाक्यं मोघम आहेत असं समजा. दुसऱ्या भेटीत गुण देणारीला मूल कोणत्या गटातलं हे माहीत नसावं. दोघीच असाल तर एकीने शिकवायचं, दुसरीने तपासायचं, आणि हे वाटप शेवटपर्यंत बदलायचं नाही.

प्रतिसाद ३

मी शिक्षक आहे, वैद्यकीय माहिती बेताचीच. पण टीच-बॅकबद्दल लिहावंसं वाटलं, कारण शाळांमध्ये ते नावापुरतं होताना पाहिलं आहे. ‘समजलं का?’ असं विचारलं की मुलं ‘हो’ म्हणतात. तो टीच-बॅक नव्हे. मूल शिकवताना अडखळलं तर ते आपलं शिकवणं कमी पडलं असं धरायचं, पुन्हा वेगळ्या शब्दांत सांगायचं आणि पुन्हा त्याच्याकडून शिकवून घ्यायचं. किती फेऱ्या लागल्या हे लिहून ठेवा, फार मोलाची माहिती असते ती.

दुसरं, मूल घरी काय करतं आणि शाळेत काय करतं हे वेगवेगळं विचारा. माझ्या वर्गातल्या एका मुलाकडे स्पेसर (इनहेलरला जोडायची पोकळ नळी) होता, पण तो घरीच राहायचा, कारण दप्तरात मावत नाही आणि सगळ्यांसमोर काढायची लाज वाटते. शाळेत तो नुसता इनहेलर घेई, तोही स्वच्छतागृहात जाऊन. तुमच्यासमोर मूल स्पेसर लावून उत्तम घेईल आणि शाळेत अगदी उलट चालू असेल.

आणि मुलांना एक खरी गोष्ट नक्की सांगा. असा दाबायचा इनहेलर १९५६ मध्ये बाजारात आला. जॉर्ज मेसन यांच्या १३ वर्षांच्या मुलीला दमा होता. तिने वडिलांना विचारलं होतं की केसांच्या फवाऱ्यासारखं माझं औषध का नाही मिळत? वडील एका औषध कंपनीचे प्रमुख होते, त्यांनी ते मनावर घेतलं. ही गोष्ट ऐकली की मुलं हातातल्या डबीकडे वेगळ्या नजरेने बघतात. दोन्ही गटांना सांगा मात्र, नाहीतर तुलनेत आणखी एक फरक पडेल.

ती मुलगी परत येईल तेव्हा ‘तुझं चुकलं’ म्हणू नका. ‘आम्ही तुला नीट दाखवलं नव्हतं’ असं म्हणा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. नर्सताई, तुमचं ‘नेहमीपेक्षा कमी’ हे वाक्य मी जसंच्या तसं गाइडना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, सुधारित आराखडा लिही, मी सही करतो.

मुलगी काल आली होती. शिक्षकदादांनी सांगितलं तसंच बोलले, की आम्ही तुला नीट दाखवलं नव्हतं. सरावाचा इनहेलर दिला. पहिले तीन प्रयत्न पुन्हा आधी दाबणं. मग मैत्रिणीने युक्ती केली: “आधी हळूच शिट्टी उलटी वाजव, आणि वाजायला लागली की दाब.” चौथ्यांदा जमलं. श्वास रोखून तिने बोटांवर दहा मोजले, गाल घट्ट, डोळे मोठे. मग तिने आईला शिकवलं, आणि आईने डबी आधी दाबली तर तिनेच थांबवलं. डॉक्टरांनी स्पेसरही लिहून दिला आहे. तो शाळेत नेणार का, असं विचारलं तर तिने मान खाली घातली. त्यावर वर्गशिक्षिकेशी बोलायला आई तयार आहे.

‘अ’ गटातली उरलेली दोन मुलंही या आठवड्यात बोलावली आहेत. निर्णायक पायऱ्यांची यादी डॉक्टरांकडे दिली आहे.

आता एकच अडकलं आहे. सरावातल्या या सहा मुलांची माहिती मुख्य अभ्यासात घ्यायची नाही हे कळतंय, आराखडाच बदलला आहे. पण अहवालात त्यांच्याबद्दल लिहायचं की नाही? आराखडा का बदलला हे सांगायचं तर ‘अ’ गटातल्या मुलांना आम्ही सुरुवातीला दुरुस्त केलं नाही हेही लिहावं लागेल. गाइड म्हणतात, एका ओळीत आटप. मला वाटतं पद्धतीच्या प्रकरणात सविस्तर लिहावं, म्हणजे पुढच्या वर्षी हा विषय घेणाऱ्यांच्या आराखड्यात तेच पुन्हा येणार नाही. कुणी असं लिहिलेलं असेल तर कुठे आणि किती लिहिलं ते सांगाल का? कमिटीकडे सोमवारी कागद द्यायचे आहेत.