> दाबलं की सिलेक्शन सुटतं (निओव्हिम, कीबोर्डवर चालणारा टेक्स्ट एडिटर)

धरमपेठवाला: व्हिज्युअल मोडमध्ये ओळी निवडून > दाबलं की ओळी एकच पायरी उजवीकडे सरकतात आणि सिलेक्शन जातं. दर खेपेला पुन्हा काहून निवडायचं? मिहानच्या ऑफिसात व्हीएस कोड एडिटर आहे, विम प्लगिनसह, तिथंही हेच.

नाइटशिफ्ट: भाऊ, तीन पायऱ्या हव्यात हे आधीच माहीत असेल तर 3> दाब. किंवा एकदा > आणि मग टिंब, ते शेवटची कृती पुन्हा करतं. अंदाजानं सरकवायचं असेल तर कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलीत, टाक (रोमनमध्ये xnoremap आणि gv):
एक्सनोरीमॅप > >जीव्ही
एक्सनोरीमॅप < <जीव्ही
एक्सनोरीमॅप व्हिज्युअल मोडमधल्या कळीला नवं काम देतं, जीव्ही शेवटचं सिलेक्शन परत आणतं.

कर्सर_बर्डी: जुन्या डॉटफाइल्समधून (सेटिंगच्या फाइली) व्हीनोरीमॅप (vnoremap) उचलू नको. तो सिलेक्ट मोडलाही लागतो, जिथं निवडलेल्या मजकुरावर थेट टाइप करतात. स्निपेटच्या (कोडच्या तयार साच्याच्या) रिकाम्या जागेत > टाइप केलंस तर अक्षर उमटतच नाही, भलतंच इंडेंट होतं, म्हणजे ओळ आत सरकते. मग दोष प्लगिनला देत बसतात लोक!

नाइटशिफ्ट: व्हीएस कोडमध्ये जीव्हीच्या भानगडीत पडूच नको. सेटिंग्जच्या जेसॉन फाइलीत व्हिज्युअल मोडच्या नॉन-रिकर्सिव्ह बाइंडिंग्जखाली 'बिफोर'मध्ये > आणि 'कमांड्स'मध्ये एडिटरची स्वतःची इंडेंटलाइन्स कमांड दे. < साठी आउटडेंटलाइन्स. सिलेक्शन टिकतं.

कर्सर_बर्डी: आणि सिलेक्शन नसताना नुकतंच पेस्ट केलेलं निवडायला जीव्ही चालत नाही. `[ (पेस्टची सुरुवात) मग व्ही (v) मग `] (पेस्टचा शेवट) दाब.