"आयरिश लोक कृतघ्न आहेत" म्हणणाऱ्यांसाठी

लिफीकाठ:
परवा इथे एका काकांनी लिहिलं की आयरिश लोक कृतघ्न आहेत, दुष्काळात जहाजं भरभरून अमेरिकेला गेले तेव्हा जगाने यांना पोटाशी घेतलं आणि आता आयर्लंडमध्ये हेच आपल्या भारतीय, शिकल्यासवरल्या, टॅक्स भरणाऱ्या पोरांवर हात टाकतात, राग काढायचाच तर त्या असायलमवाल्या, म्हणजे आश्रय मागायला आलेल्या फुकट्यांवर काढा. खाली "अगदी मनातलं बोललात"ची रांग लागली होती. मला ते वाचून इतका त्रास झाला की लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

जुलै 2025 मध्ये डब्लिनच्या टाला भागात ज्याला रक्तबंबाळ केलं, कपडे ओढले, तो भारतातून नुकताच आलेला होता. त्याच्यावर घेतलेला आळ खोटा होता हे गार्डांनीच, म्हणजे इथल्या पोलिसांनीच सांगितलं. मारण्याआधी कोणी विचारलं का, बाबा रे तुझ्याकडे क्रिटिकल स्किल्सचं वर्क परमिट आहे का? ऑगस्टमध्ये वॉटरफर्डला घराबाहेर खेळणाऱ्या सहा वर्षांच्या पोरीला मारलं, ती तर इथेच जन्मलेली. मारणारा कातडीचा रंग बघतो, इथे राहायच्या परवान्याचं आयआरपी कार्ड बघत नाही. आपण "आम्ही चांगले, ते वाईट" म्हणतो तेव्हा कोणालातरी मारलं तर चालेल हे आपणच कबूल करून बसतो, आणि त्यातून आपण वाचतही नाही.

आणि कृतघ्न कोण? "आयर्लंड फुल झालंय" अशा पाट्या घेऊन फिरणाऱ्यांना कोणीतरी सांगा की 1841 साली आजच्या रिपब्लिकच्या हद्दीत 65 लाखांवर माणसं राहत होती आणि 2022च्या जनगणनेत साडेएक्कावन्न लाख भरली. जागा कमी नाहीये, घरं कमी आहेत. 2006 साली वर्षाला 90 हजारांच्या आसपास घरं बांधणारा देश 2008च्या आर्थिक क्रॅशनंतर 2013 ला 5 हजारसुद्धा बांधू शकला नाही, आणि ते काही इमिग्रंट लोकांनी केलं नाही. त्याच जनगणनेत हॉलिडे होम सोडून 1 लाख 66 हजार घरं रिकामी सापडली. 2025 मध्ये बेघरांच्या इमर्जन्सी निवाऱ्यात 16 हजारांवर माणसं होती, माझ्या ऑफिसातल्या आयरिश पोरी तिशी उलटली तरी आईवडिलांच्या घरी राहतात नाहीतर सिडनीचं तिकीट काढतात. त्यांचा राग खरा आहे. तो आपल्याकडे वळवला जातोय, आणि आपण तो आणखी कमजोर माणसाकडे ढकलतोय.

सातारी_बाणा:
ते काका म्हणजे मीच, नाव घ्यायला लाजू नका ताई.

माझी सख्खी बहीण इथे नर्सिंग होममध्ये केअर असिस्टंट आहे. आयरिश म्हातारे-म्हाताऱ्यांना उचलते, पुसते, भरवते, रात्रपाळीला कोणाचा शेवटचा श्वास चालू असेल तर हात धरून बसते कारण त्यांची पोरं ऑस्ट्रेलियात. आणि तिच्या पगारात फॅमिली आणायची मर्यादा बसत नाही म्हणून स्वतःची दोन पोरं कराडला आजीकडे वाढतायत, धाकट्याला ती व्हिडिओ कॉलवरच माहीत आहे. ती नियम पाळते म्हणून ही शिक्षा. आणि जो पासपोर्ट फाडून विमानातून उतरतो त्याला राहायला खायला सरकार देतं. मी फरक का करू नये? मी फरक करणारच.

लिफीकाठ:
दादा, बहिणीचं ऐकून वाईट वाटलं, मनापासून. पण तिची पोरं कराडला आहेत ती परमिटच्या पगाराच्या अटीमुळे. ती अट डब्लिनच्या माउंट स्ट्रीटवर तंबूत झोपणाऱ्या माणसाने घातली का? मी 2024च्या त्या थंडीत रोज तिथून कामाला जायचे. असायलम ऑफिसच्या भिंतीला लागून तंबूंची रांग, ओले मोजे कुंपणाच्या दांड्यांवर वाळत घातलेले, आणि एक माणूस बाटलीच्या पाण्याने दात घासत उभा, लोक मान वळवून जायचे. सरकारी निवाऱ्यात जागा मिळालीच तरी मोठ्या माणसाला आठवड्याला 38 युरो 80 सेंट हातात पडतात. याला ऐश म्हणायची?

कॉर्ककर:
मला दोघांचंही पटत नाही.

लिफीकाठ, तुमची घराची थिअरी ऐकायला बरी आहे पण 2004 आठवा. तेव्हा सेल्टिक टायगर, म्हणजे इथली आर्थिक तेजी जोरात, जिकडेतिकडे क्रेन, पोलंडहून माणसं बोलावत होते कारण हात कमी पडत होते. आणि त्याच वर्षी जूनमध्ये रेफरेंडम घेऊन इथे जन्मलेल्या बाळाचा नागरिकत्वाचा आपोआप हक्क काढून घेतला, 79 टक्के लोकांनी हो म्हटलं. तेव्हा कुठे होती घरटंचाई? तेव्हा गरोदर आफ्रिकन बाया विमानाने येतात अशी ओरड होती, आता आपली पाळी. आयरिश असणं म्हणजे रक्त, ही समजूत जुनी आहे, घरं बांधून ती जाणार नाही. कोणाचे आजी-आजोबा इथले असतील तर अमेरिकेत जन्मलेल्या नातवाला पासपोर्ट, तो आयुष्यात इथे आला नसला तरी. आणि इथे जन्मलेल्या पोराच्या आईबापांचे व्हिसाचे स्टॅम्प मोजायचे.

कृतघ्न हा शब्द मी वापरणार नाही, पण विसराळू नक्की. 90च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने मॉरिसन व्हिसा काढले त्यातले 40 टक्के आयरिश लोकांसाठी राखून ठेवले होते, कारण हजारो आयरिश पोरं बॉस्टन-न्यूयॉर्कला बेकायदा राहत होती. तेव्हा इथल्या प्रत्येक पक्षाने त्यांच्यासाठी वॉशिंग्टनचे उंबरे झिजवले.

मंदा_लूकन:
सगळे आयरिश लोकांनाच झोडताय. आपण काय करतो ते पण लिहा. दहा-दहा वर्षं राहून शेजाऱ्याचं नाव माहीत नसतं, क्रिकेट, गणपती, दिवाळी सगळं आपल्यात. आणि पोरांना शाळेत आयरिश भाषा नको म्हणून सूट मिळवायची धडपड! आमच्या ग्रुपवर दर सप्टेंबरला हाच विषय, "एक्झेम्प्शन कसं मिळेल". ज्या देशात राहायचं त्याची भाषा नको आणि मग म्हणायचं आम्हाला आपलं मानत नाहीत.

सातारी_बाणा:
हे बरोबर बोललात मंदाताई. मुंबईत राहून मराठी येत नाही म्हणणाऱ्यावर आपण तुटून पडतो आणि इथे आल्यावर आपणच ते करतो.

आई_टू_मुलांची:
एक मिनिट! सूट मागणारी मी आहे, माझंही ऐका. मुलगा इथे आला तेव्हा साडेअकरा वर्षांचा होता. बारा पूर्ण असते तर नियमाने सूट मिळाली असती, थोडक्यात हुकली. वर्गातली बाकीची पोरं चार वर्षांची असल्यापासून शिकतायत, याला एबीसी नाही. शाळेने मागच्या बाकावर चित्र रंगवायला बसवला. सेकंडरीत गेल्यावर ग्राइंड्स, म्हणजे खासगी शिकवण्या लावल्या, तासाला पैसे मोजतेय आणि पोरगा रडतोय की आई आयरिश पोरांनाच येत नाही मग मला का? आणि खोटं आहे का त्याचं? जनगणनेत 18 लाखांवर लोक म्हणतात आम्हाला आयरिश येतं, शाळेबाहेर रोज बोलणारे जेमतेम 72 हजार. जी भाषा ते स्वतः घरात बोलत नाहीत ती माझ्या पोराने शिकून देशप्रेम सिद्ध करायचं?

हर्लीवाला_बाबा:
हो, करायचं. माझी मुलगी गेलस्कॉलमध्ये, म्हणजे आयरिश माध्यमाच्या शाळेत आहे. पहिल्या वर्षी भीती वाटली, आता घरी चपात्या मोजताना अ हेन, अ डो, अ त्री (एक, दोन, तीन) चालू असतं आणि आजीशी फोनवर मराठी. शनिवारी कॅमोगी, म्हणजे मुलींचा काठी-चेंडूचा आयरिश खेळ, चिखलात लोळून येते. तिच्या क्लबमधल्या आयांनी ऑगस्टमध्ये भारतीयांवरचे हल्ले चालू असताना आपणहून आम्हाला शाळेपर्यंत सोबत केली. 72 हजारच उरलेत म्हणून तर शिकायची. सत्ता गेली, दुष्काळ झाला, पश्चिमेकडचं आयरिश बोलणारं अख्खं जग उपाशी मेलं नाहीतर बोटीत बसलं, त्यातून जी वाचली ती भाषा आहे. मराठी माणसाला हे कळायला हवं.

आई_टू_मुलांची:
तुमची मुलगी चार वर्षांची असताना शाळेत गेली म्हणून हे जमतंय. साडेअकराच्या पोराला घेऊन बघा. आणि गेलस्कॉलमध्ये का घालतात ते सगळ्यांना माहीत आहे, तिथे "तसली" मुलं कमी असतात म्हणून. भाषेचं नाव पुढे करू नका.

हर्लीवाला_बाबा:
हे मात्र अतिशय घाणेरडं बोललात. माझ्या पोरीच्या वर्गात नायजेरियन आईबापांची मुलं आहेत आणि ती माझ्यापेक्षा चांगलं आयरिश बोलतात. शब्द मागे घ्या.

आई_टू_मुलांची:
तुमच्या शाळेपुरता मागे घेते. बाकी ठिकाणचं मला दिसतं ते दिसतं.

कॉर्ककर:
भाषा येऊन काय होतं? वॉटरफर्डची ती मुलगी इथलीच होती, काही वाचलं का? लिओ वराडकर इथे जन्मला, आई आयरिश, 2017 ला टीशॉक, म्हणजे पंतप्रधान झाला. आमच्या मालवण तालुक्यात, वराडला, 2019च्या डिसेंबरात तो घरच्यांबरोबर आला होता तेव्हा अख्खा गाव लोटला, माझा मामा तिथेच होता. इथे मात्र माझ्या शेजाऱ्याने मला दोनदा ऐकवलं, "तुमचा माणूस होता तो." तुमचा! देश चालवला तरी तो आमचाच राहिला.

हर्लीवाला_बाबा:
एका शेजाऱ्यावरून देश ठरवू नका. नोव्हेंबर 2024च्या निवडणुकीत उघड इमिग्रंटविरोधी पक्ष उभे होते, डॉलमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत एकाचीही सीट आली नाही. नोव्हेंबर 2023 ला डब्लिनच्या पार्नेल स्क्वेअरला लहान मुलांवर चाकू चालला, त्या माणसाला हेल्मेटने हाणून पाडणारा ब्राझीलचा डिलिव्हरीवाला होता आणि त्याच्यासाठी आयरिश लोकांनी लाखो युरो गोळा केले.

कॉर्ककर:
आणि त्याच रात्री ओ'कॉनेल स्ट्रीटला बस आणि लुआस ट्राम जाळली, ते कोणी केलं? सीट आल्या नाहीत हे मान्य. पण 2025च्या नोव्हेंबरात मोठ्या पक्षांच्या सरकारनेच असायलमचे, फॅमिली आणायचे नियम आवळायची घोषणा केली. सीट न जिंकता त्यांचं काम झालं की. सातारीसाहेब, बघा, बहिणीच्या पोरांचा रस्ता अजून अरुंद होणार, आणि कारण तंबूवाले नाहीत, "तंबूवाल्यांना आवरा" म्हणणारे आहेत. त्यात तुम्ही पण आलात.

सातारी_बाणा:
"फुकटे" हा शब्द काढून टाकतो, धागा संपादित करतो. एवढंच. कृतघ्न मी म्हणणारच, कारण माझी बहीण ज्या म्हातारीला भरवते तिचा मुलगा ख्रिसमसला आला आणि तिच्या देखत मॅनेजरला म्हणाला की इथे सगळ्या परदेशीच का. त्या म्हातारीने मुलासमोरच बहिणीचा हात घट्ट धरून ठेवला. पण त्या मुलाचं बोलणं मला विसरायला सांगू नका.

लिफीकाठ:
विसरायला नाही सांगत दादा. त्या म्हातारीलाही आयरिशच मोजा एवढंच म्हणते.

मंदा_लूकन:
विषय कुठच्या कुठे गेला. टू मुलांची आई, तुम्ही ग्राइंड्सला पैसे घालवू नका, आमच्या लायब्ररीत बुधवारी संध्याकाळी एक निवृत्त बाई फुकट आयरिश शिकवतात, मी स्वतः जाते. मुलाला घेऊन या.

आई_टू_मुलांची:
बुधवारी त्याचं क्रिकेट असतं. बघते.